पिंपळी : औषधांची सोबतीण

खोकल्याने रात्रभर झोप लागली नाही, की सकाळी आजी काय करते ते आठवा. खलात काहीतरी काळपट, खडबडीत कुटते, त्याची पूड मधात कालवते आणि चाटायला देते. जीभ आधी गोड होते, मग हळूहळू चुरचुरू लागते. ही चुरचुर पिंपळीची. बाळंतिणीला दुधातून किंवा लाडवातून देतात ते पिंपळमूळही याच वनस्पतीचे.

वैद्यांच्या औषधांत तर पिंपळी जागोजागी भेटते. सुंठ, मिरी आणि पिंपळी समभाग घेतली, की झाले ‘त्रिकटू’. सर्दी-खोकल्यावरच्या सितोपलादी चूर्णात खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलदोडा २ आणि दालचिनी १ भाग असते. ज्या रोगांचा एकमेकांशी काही संबंध नाही, अशा रोगांवरील औषधांतही पिंपळी असतेच. असे का? एकच वस्तू इतक्या ठिकाणी कशाला? या प्रश्नाचा शोध घेताना आपल्या देशातील शास्त्रज्ञांच्या हाती एक महत्त्वाची गोष्ट लागली. ती समजून घेण्यापूर्वी पिंपळीची ओळख करून घेऊ.

वेल आणि फळ

प्रथम एक गोंधळ दूर करू. पिंपळी म्हणजे पिंपळाचे फळ नव्हे. पिंपळ हा वड-उंबराच्या प्रजातीतला वृक्ष. पिंपळी हा जमिनीवर पसरणारा किंवा आधाराने चढणारा नाजूक वेल आहे. तिचे शास्त्रीय नाव पायपर लाँगम. मिरीचा वेल आणि विड्याच्या पानांचा नागवेल हेही पायपर प्रजातीतलेच, म्हणजे पिंपळीची सख्खी भावंडे. पिंपळीचे पान पाहिले तर नागवेलीची आठवण होते.

आसाम, बंगाल, केरळ अशा उष्ण व दमट प्रदेशांत, झाडांच्या सावलीत हा वेल चांगला वाढतो. नर-फुले आणि मादी-फुले वेगवेगळ्या वेलांवर येतात. मादी-वेलावरील कणिशात बारीक बारीक फळे एकमेकांना इतकी चिकटून बसलेली असतात, की सारे कणीस मिळून एकच फळ वाटते. ही कणसे पुरती पिकण्यापूर्वी तोडून उन्हात वाळवतात. बाजारात मिळणारी पिंपळी ती हीच. म्हणजे आपण जिला ‘एक पिंपळी’ म्हणतो, ती खरे तर पुष्कळ फळांची वसाहत असते!

नावाचा प्रवास

संस्कृतातील ‘पिप्पली’ हा शब्द व्यापाऱ्यांबरोबर पश्चिमेकडे गेला. ग्रीकांनी त्याचे ‘पेपेरी’ केले, रोमनांनी ‘पिपेर’ आणि पुढे इंग्रजांनी ‘पेपर’. आज इंग्रजीत हा शब्द मिऱ्यासाठी वापरतात, पण मूळचे नाव पिंपळीचे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने भाव नोंदवून ठेवले आहेत. काळी मिरी एका पौंडाला ४ दिनार, तर पिंपळी १५ दिनार, म्हणजे जवळजवळ चौपट!

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतील मिरची भारतात आली. ती मिऱ्यासारखी तिखट म्हणून ‘मिरची’. वनस्पतिशास्त्रदृष्ट्या तिचे मिऱ्याशी नाते नाही. ती वांगे-बटाट्याच्या कुलातली. आपल्या रोजच्या स्वयंपाकात तिखटपणाचे काम मिरचीने पटकावले. पिंपळी मात्र मुख्यतः औषधांच्या डब्यात राहिली.

तिखटपणाचे रसायन

पिंपळी आणि मिरी यांचा तिखटपणा ‘पायपरिन’ या अल्कलॉइडामुळे येतो. हे द्रव्य १८१९ साली डेन्मार्कचे शास्त्रज्ञ हान्स ख्रिस्तियन ओर्स्टेड यांनी मिऱ्यातून वेगळे केले. हे नाव कुठेतरी वाचल्यासारखे वाटते ना? विद्युत्प्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ चुंबकसूची हलते, हा शोध १८२० साली लावणारे ओर्स्टेड हेच! पायपरिनचे सूत्र आहे क१७ हा१९ ना ओ३. म्हणजे एका रेणूत कार्बनचे १७, हायड्रोजनचे १९, नायट्रोजनचा १ आणि ऑक्सिजनचे ३ अणू.

सोबतीणीचे काम

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जम्मू येथील प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. के. अटल आणि त्यांचे सहकारी १९७९ च्या सुमारास याच कोड्याचा विचार करीत होते. त्यांची शंका अशी होती : पिंपळी स्वतः रोग बरा करीत नसेल, पण सोबतच्या औषधाला मदत करीत असेल तर? अडुळशात वॅसिसिन नावाचे द्रव्य असते. प्रयोगातील प्राण्यांना ते पिंपळीबरोबर दिले, तेव्हा रक्तातील त्याचे प्रमाण पुष्कळच वाढलेले आढळले. हे निष्कर्ष १९८१ साली प्रसिद्ध झाले.

हे कसे घडते? तळाला भोक असलेली बादली डोळ्यांपुढे आणा. नळातून पाणी पडते आहे, पण बरेचसे गळून जाते. आपल्या शरीरात औषधाचे असेच होते. औषध आणि विष यांतील फरक शरीराला कळत नाही. दोन्ही त्याच्या लेखी परकीच. आतड्याच्या भिंतीतील आणि यकृतातील विकरे औषधाच्या रेणूत बदल करून ते बाहेर टाकण्याजोगे बनवतात. आतड्याच्या पेशींतील काही प्रथिने तर पंपासारखी काम करून आत शिरलेले औषध पुन्हा आतड्याच्या पोकळीत ढकलतात. पायपरिन यांतील काही विकरांचे आणि पंपांचे काम मंदावते. नळ तेवढाच राहतो, पण बादलीचे भोक लहान होते!

बंगलोर येथे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसांना हळदीतील कुर्क्युमिन २ ग्रॅम दिले. नुसते दिले तेव्हा ते रक्तात जेमतेम आढळले. सोबत केवळ २० मिलिग्रॅम पायपरिन देताच त्याची उपलब्धता सुमारे वीसपट वाढली.

क्षयरोगावरील रिफाम्पिसिन या औषधाची नेहमीची एक मात्रा ४५० मिलिग्रॅमची. जम्मूच्या प्रयोगशाळेने एका औषध कंपनीच्या साहाय्याने जी कॅप्सूल तयार केली, तीत रिफाम्पिसिन २०० मिलिग्रॅम, आयसोनियाझिड ३०० मिलिग्रॅम आणि पायपरिन १० मिलिग्रॅम आहे. माणसांवरील चाचण्यांनंतर २००९ साली ती बाजारात आली. क्षयाचे औषध महिनोन्‌महिने घ्यावे लागते. म्हणून कमी औषधात तेच काम व्हावे, हा त्यामागचा हेतू.

दुधारी गुण

येथे थांबून विचार करा. जी पिंपळी हितकर औषधाचे रक्तातील प्रमाण वाढवते, ती एखाद्या औषधाचे प्रमाण धोक्याच्या पातळीपर्यंत वाढवणार नाही का? तसे होऊ शकते. अपस्मारावरील फेनिटॉइन आणि दम्यावरील थिओफिलिन या औषधांचे रक्तातील प्रमाण पायपरिनमुळे वाढते, असे प्रयोगांत दिसले आहे. या औषधांची योग्य मात्रा आणि अपायकारक मात्रा यांत अंतर थोडेच असते. म्हणून ज्यांना रोजचे औषध चालू आहे, त्यांनी पिंपळीची चूर्णे किंवा पायपरिनच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. क्षयाच्या रोग्याने तर ‘पिंपळी खातो, गोळ्या कमी करतो’ असे कदापि करू नये. मात्रा ठरते ती चाचण्यांनी, अंदाजाने नव्हे.

गंमत अशी, की चरकसंहितेच्या विमानस्थानात तीन वस्तू अतिप्रमाणात वापरू नयेत असे सांगितले आहे : क्षार, मीठ आणि पिंपळी. तेथेच पिंपळीला ‘योगवाही’, म्हणजे ज्याच्याशी जोडावी त्याचे गुण पुढे नेणारी, असेही म्हटले आहे. त्या काळी विकरे कोणाला ठाऊक नव्हती. पण निरीक्षण बारकाईने केलेले होते. ‘जुने ते सारे खरे’ असे मानून अटल स्वस्थ बसले असते, किंवा ‘जुने ते सारे खोटे’ म्हणून त्यांनी ते सोडून दिले असते, तर दोन्ही परींनी हा शोध लागला नसता. त्यांनी मोजून पाहिले.

तुम्ही करून पाहा

१. काष्ठौषधींच्या दुकानातून दोन-तीन पिंपळ्या आणा. एक मोडून भिंगातून तिचा आडवा छेद पाहा. मधला दांडा आणि भोवतालची बारीक फळे ओळखता येतात का?

२. नागवेलीचे पान आणि मिरीच्या किंवा पिंपळीच्या वेलाचे पान मिळवा. आकार आणि शिरांची मांडणी यांची तुलना करून चित्रे काढा.

३. घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारून, पिंपळी कशाकशाबरोबर दिली जाते याची यादी करा. ‘ती सोबतीण म्हणून काम करते’ हे यांपैकी एका बाबतीत तपासायचे, तर तुलनेसाठी काय काय मोजावे लागेल? वर्गात चर्चा करा.