सहा ओळींचा पॅच

खामगावला घरी बसून कर्नलचे पॅच तपासायला लागल्यापासून शेगाव-बुलढाण्याकडची इंजिनिअरिंगची पोरं अधूनमधून भेटायला येतात. परवा एकाने विचारलंच, "दादा, सहा ओळींचा तं पॅच हाये, त्याले पाहाले इतका टाइम कायले लागते?" त्याच्यासारख्यांसाठी हे लिहितोय.

एका कंपनीच्या स्वतःच्या कर्नलमध्ये असाच एक चिमुकला बदल दोघांच्या नजरेखालून पास झाला होता. पेजचा रेफरन्स घ्यायचा, काम उरकायचं, रेफरन्स सोडायचा. मध्येच काही बिघडलं तर एरर देऊन परत फिरायचं. त्या परतीच्या वाटेवर रेफरन्स सोडायचाच राहिला. उधारीच्या वहीत नावे मांडलं, जमा मांडलंच नाही, तशातली गत. ऑफिसातल्या मशीनींना मेमरी भरपूर, त्यामुळे ती वाट तिथे कधी चाललीच नाही. ग्राहकाकडे मात्र मशीन हळूहळू जड होत जायची आणि शेवटी अडकायची. कारण शोधायचं काम माझ्याकडे आलं. पॅचमध्ये चुकीची ओळ एकही नव्हती, एक ओळ कमी होती.

तेव्हापासून मी नुसता डिफ वाचत नाही. पूर्ण फंक्शन उघडतो आणि प्रत्येक 'रिटर्न'पासून उलटा वर जातो: इथे पोचेपर्यंत काय काय घेतलं, कुठलं लॉक हातात आहे? स्पिनलॉक हातात असताना साध्या पद्धतीने मेमरी मागितली तर ती मोकळी होईपर्यंत कोड झोपू शकतो, आणि तिथे झोपायला मनाई. फाइलसिस्टिमच्या कोडने मागितली, तर मेमरी मोकळी करायला निघालेला कर्नल पुन्हा त्याच फाइलसिस्टिममध्ये शिरून तिच्याच लॉकपाशी थांबू शकतो. स्पेस-टॅबच्या चुका काढायला स्क्रिप्ट आहे, माणसाने त्यात वेळ घालवू नये. (तरी बरेच जण तेवढंच करतात.)

लिनक्स कर्नलमधला 'डर्टी काऊ' हा बग प्रत्येकाने एकदा नीट वाचावा. तो ऑक्टोबर 2016 मध्ये उघडकीला आला, पण कर्नलमध्ये त्याआधी कित्येक वर्षं होता. फक्त वाचायची मुभा असलेली फाइल खासगी म्हणून मॅप केली आणि कर्नलमार्फत तिच्यावर जबरीने लिहायला गेलं, की कर्नल त्या पेजची वेगळी प्रत काढतो. प्रत निघाली, आता काळजी नाही, असं धरून कोड 'लिहायचं आहे' हा फ्लॅग उतरवायचा आणि पेज पुन्हा शोधायचा. तेवढ्यात दुसऱ्या थ्रेडने ती प्रत टाकून दिली, तर हाती मूळ फाइलचंच पेज यायचं आणि लिखाण थेट त्यावर. साधा युजर रूट होऊ शकायचा. लिनस टोरवाल्ड्स यांनी दुरुस्तीच्या नोंदीत स्वतःच लिहिलंय की हा बग त्यांनी अकरा वर्षांपूर्वी बुजवू पाहिला होता. एस-390 मशीनींवरच्या अडचणींमुळे तो बदल मागे गेला.

मला त्याहून जास्त शिकवून गेलं ते पुढचं प्रकरण. नव्या दुरुस्तीत फ्लॅग तसाच ठेवून, प्रत खरंच निघाली का हे पेज-टेबलमधल्या 'डर्टी' बिटावरून ठरवलं. 4 केबीच्या पेजांना ते चाललं. मग तोच नियम 2 एमबीच्या मोठ्या पेजांना लावला. तिथे प्रत न काढताही तो बिट लागू शकत होता, आणि 2017 संपायच्या आत ते भोकही बाहेर आलं. म्हणून पॅच एखाद्या बिटावर विसंबत असेल, तर तो बिट आणखी कोण कोण लावतं हे अख्ख्या कर्नलमध्ये शोधा. संध्याकाळ जाते, जाऊ द्या.

भारी मशीन नाही म्हणून अडू नका. क्यूईएमयूमध्ये 256 एमबीची व्हर्च्युअल मशीन उभी करा. 64 जीबीवर न दिसणारे प्रकार तिथे लवकर दिसतात. मेमरीच्या चुका पकडणारं केसॅन आणि लॉकच्या चुका पकडणारं लॉकडेप चालू ठेवा. लहानसहान अॅलोकेशन एरवी क्वचितच फसतं, म्हणून फॉल्ट इंजेक्शनने ते मुद्दाम फसवा, म्हणजे त्या परतीच्या वाटा चालतील. बिल्ड रात्री लावा, दिवसा लाइटीचा भरवसा नाही.

आणि 'रिव्ह्यूड-बाय'खाली नाव घालण्याआधी काय पाहिलं नाही तेही उत्तरात लिहा: "मोठ्या पेजांचा भाग मी तपासलेला नाही." त्यात कमीपणा नाही. मेंटेनरला कळतं, अजून कुणाला विचारायचं आहे.