चांदीवरचे चेहरे

१. नाण्यावरचा चेहरा राजा कसा दिसायचा हे सांगतो, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. रोमन सम्राट ऑगस्टसने भाबडेपणा घालवला. पंचाहत्तरीत वारला, पण त्याच्या चांदीच्या देनारियसवर शेवटपर्यंत तरणाबांड! मला हसू आलं. मग आमच्या नालासोपारा स्टेशनबाहेरचे वाढदिवसाचे फ्लेक्स आठवले, आणि मी गप्प झालो.

२. व्यापाऱ्याला त्या चेहऱ्याचं फारसं कौतुक नसावं. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात आमच्या सोपाऱ्याचं नाव आहे. रोमन सोन्या-चांदीची नाणी भडोचला बदलून नफा मिळतो, हेही त्यातच. दक्षिणेतल्या साठ्यांत ऑगस्टस आणि टायबेरियसच्या देनारियसांचा भरणा, इ.स. ६४ मध्ये नीरोने वजन आणि कस उतरवल्यानंतरची नाणी मोजकीच. सम्राट कुणी का असेना, चांदी चोख हवी.

३. मला खरं वेड लावलं ते नाशिकजवळच्या जोगलटेंभीने. १९०६ मध्ये तिथे क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. राजा एकच, पण नाकं-गाल इतके वेगवेगळे, की साठा अभ्यासणाऱ्या रेव्हरंड स्कॉटना ते चेहरे रोमन नाण्यांवरून उचलल्यासारखे वाटले. गंमत पुढेच आहे. यातल्या दोन तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर विजेत्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला. वितळवली नाहीत. राजाच्या तोंडावरच डोंगराचं चिन्ह, आणि काहींवर त्याखालून नहपानाचं नाक अजून डोकावतं. काटकसर म्हणा; मला मात्र हा डिवचण्याचा प्रकार वाटतो. जुना चेहरा पुरता पुसला, तर हरलं कोण हे लोकांना कळणार कसं?

४. आणि त्याच सातवाहनांनी पुढे चांदीवर स्वतःचे चेहरे पाडले! क्षत्रपांची रीत त्यांनाही आवडली म्हणायची.

५. असंच एक नाणं माझ्या गावात निघालं, हे मला पुस्तकातून कळलं. जन्म इथलाच असून. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. दगडी पेटीत करंडक, सोन्याची फुलं, भिक्षापात्राचे मानलेले तुकडे आणि यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं. त्या टेकाडाला गावकरी म्हणत बुरूड राजाचा कोट. नाव आणि चेहरा दोन्ही कोरून घेतलेला राजा आत पडून होता, आणि वर नांदत होता बुरूड राजा.