पेरणीपूर्वीचे हिस्सेदार

शहरालगत भाजीपाला करणाऱ्या शेतकऱ्याची मुख्य अडचण पीक काढण्याची नसून पैशाच्या वेळेची आहे, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. बियाणे, खत व मजुरी यांस पैसा लागतो तो पेरणीच्या वेळी. हाती येतो तो तोडणीनंतर. आणि किती येणार, हे बाजारात माल उतरेपर्यंत कोणासच ठाऊक नसते. मधल्या काळाचे व्याज व पिकाचा सारा धोका एकट्या शेतकऱ्याच्या माथी बसतो. हा क्रम उलटा करणारी एक पद्धती गेल्या सुमारे पन्नास वर्षांत जपान, युरोप व अमेरिका येथे रूढ झाली आहे. इंग्रजीत तीस 'कम्युनिटी सपोर्टेड अ‍ॅग्रिकल्चर' असे लांबलचक नाव आहे. आपण सोयीकरिता हिस्सेदारीची शेती म्हणू. आपल्याकडील बटाईशी मात्र तिची गल्लत होऊ नये. बटाईत जमिनीचा धनी पिकाचा वाटा घेतो. येथे वाटा घेतो तो खाणारा, आणि त्याचे मोल तो पेरणीपूर्वी भरतो.

अमेरिकेतील आरंभाची हकीकत बोधप्रद आहे. मॅसॅच्युसेट्स संस्थानात साउथ एग्रीमाँट गावी रॉबिन व्हॅन एन या बाईंची 'इंडियन लाइन' नावाची शेती होती. स्वित्झर्लंडात अशी शेती पाहून आलेले यान व्हँडर ट्यूइन यांच्याशी त्यांची गाठ पडली, आणि शेजारपाजारच्या मंडळींस घेऊन १९८५ साली प्रथम सफरचंदांचा लहानसा प्रयोग झाला. सुमारे तीस सभासदांनी आगाऊ पैसे भरले व बागेतील सफरचंदे, त्यांचा रस व शिरका वाटून घेतला. फळझाडे आयती उभी होती, म्हणून हा प्रयोग सोपा गेला. त्याने जो विश्वास बसला, त्यावर पुढल्या वर्षी, म्हणजे १९८६ साली, भाजीपाल्याचे वाटे विकले गेले. एकदम पन्नास घरांस आश्वासन देण्यापेक्षा एका हंगामी पिकावर सभासदांची व स्वतःची परीक्षा पाहावी, हा यातील व्यवहारी धडा होय. ज्याच्या शेतात आंब्याची वा पेरूची चार झाडे आहेत, त्यास तो सहज गिरविता येईल.

त्याच १९८६ साली न्यू हॅम्पशायर संस्थानात टेंपल-विल्टन येथे निराळी रीत पडली. तेथे वाट्यास ठराविक किंमतच नाही. शेतकरी वर्षाच्या खर्चाचा अंदाज सभेपुढे ठेवतात आणि प्रत्येक कुटुंब आपल्या ऐपतीप्रमाणे आकडा बोलते. बेरीज कमी भरली तर पुन्हा फेरी होते. आमच्या मते ही रीत उदात्त खरी, पण एकमेकांस चांगले ओळखणाऱ्या लोकांतच ती तगेल. नवख्यांनी सरळ समान वाटे पाडावे.

जपानात याहून जुनी परंपरा आहे. रासायनिक औषधांच्या दुष्परिणामांनी त्रस्त झालेल्या गृहिणी व काही शेतकरी यांनी थेट संबंध जोडले. १९७१ साली तेथील सेंद्रिय शेती संघ स्थापन झाला, आणि १९७८ साली या संबंधाची दहा तत्त्वे ठरविण्यात आली. या पद्धतीस ते 'तेइकेइ' म्हणतात. कोणते पीक किती करावयाचे हे दोन्ही पक्षांनी आधी विचारविनिमयाने ठरवावे. ठरल्याप्रमाणे जे पिकेल ते सर्व खाणाऱ्याने स्वीकारावे. किंमत परस्परांच्या संमतीने असावी. वाटप मध्यस्थावर न सोपविता आपणच करावे. आणि मंडळ फार वाढू देऊ नये, ही त्यांतील आम्हांस विशेष महत्त्वाची वाटतात.

आता हिशेब पाहू. समजा, दीड एकर भाजीपाल्याचा एका हंगामाचा खर्च ४,८०,००० रुपये आहे. यात बियाणे, शेणखत, पाण्याची वीज, मजुरी, पोहोचविण्याचे भाडे तर धरावेच. पण घरच्या माणसांची मजुरी व अडीअडचणीकरिता दहावा हिस्साही धरावा. घरची मजुरी न धरण्याची आपली खोड मोठी घातक आहे. ती न धरता काढलेली किंमत सभासदांस स्वस्त वाटते आणि दुसऱ्या वर्षी शेतकरीच कंटाळून बंद करतो. चाळीस कुटुंबे मिळाली तर दर वाट्यास १२,००० रुपये पडतात. वाटप चोवीस आठवडे चालल्यास आठवड्यास ५०० रुपये. ज्यांस एकरकमी जड जाते त्यांच्याकडून दोन हप्ते घ्यावे, परंतु पहिला हप्ता रोपे टाकण्यापूर्वीच घ्यावा. हा पैसा शेताचा आहे; तो स्वतंत्र खात्यात ठेवावा व घरातील लग्नकार्याकडे वळवू नये. खर्चाची वही कोणाही सभासदास मागताच दाखविता आली पाहिजे.

खरी कसोटी लागते ती पीक बुडाल्यावर. येथेच ही पद्धती व घरपोच भाजीचे दुकान यांतील भेद आहे. गारपिटीने टोमॅटो झोपला आणि सभासदाने पैसे परत मागितले, तर तो हिस्सेदार नव्हता, आगाऊ पैसे दिलेले गिऱ्हाईक होता. आपल्या गावगाड्यास ही कल्पना परकी नाही. खळ्यावर रास पडली म्हणजे सुतार-लोहारास बलुते मिळे, आणि साल वाईट असले म्हणजे तेही हात आखडूनच मिळे. गावाचे वाईट साल त्यासही भोगावे लागे. परंतु सभासदाने तोटा सोसावा तो कशाचा, हे लेखी ठरले पाहिजे. गारपीट, अवकाळी पाऊस, रोगाची साथ, विहिरीचे पाणी आटणे हा सर्वांचा तोटा. वेळेवर रोपे न टाकणे, खुरपणीस उशीर करणे, चांगला माल बाजारात चढ्या भावाने विकून उरलेला वाट्यात घालणे हा शेतकऱ्याचा दोष. त्याची भरपाई त्यानेच करावी. शेवटचा मोह फार बळकट असतो. बाजारात टोमॅटो एकाएकी महागला म्हणजे हिस्सेदारांचे क्रेट डोळ्यांत सलू लागतात. परंतु भाव कोसळला असताही त्यांनी पुरा पैसा भरला होता, याची आठवण ठेवावी.

सभासद होणाऱ्या कुटुंबानेही आपले मन आधी तपासावे. सलग तीन आठवडे दुधी व मेथी आली तर घरात कुरकुर होईल काय? दर आठवड्यास ठरल्या वेळी आळीतील वाटपाच्या जागी जाऊन आपला वाटा कोण आणणार? वर्षातून एक-दोन वेळा शेतावर जाऊन वाफे पाहण्याची तयारी आहे काय? ज्यांस रोज मनाजोगी भाजी निवडून हवी, त्यांनी मंडईत जावे. त्यात कमीपणा काही नाही.

शेतकऱ्यास पेरणीची घडी बदलावी लागते. एकाच भाजीचा मोठा पट्टा येथे निरुपयोगी. मेथी, पालक, कोथिंबीर तीस-चाळीस दिवसांत निघतात, सबब त्यांचे लहान वाफे दर आठ-दहा दिवसांनी पेरीत जावे. वांगी व टोमॅटो यांस लावणीपासून दोन-अडीच महिने लागतात, तेव्हा पहिल्या वाट्याच्या तारखेपासून मागे मोजून रोपवाटिका धरावी. ऊस, कापूस वा कांदा मोठ्या प्रमाणावर करणाऱ्यास, अथवा शहरापासून फार दूर असणाऱ्यास, या खटाटोपात पडण्याचे कारण नाही. फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून महाराष्ट्र सरकारने २०१६ साली मुक्त केल्यापासून थेट विक्रीस कायद्याचा अडसर राहिलेला नाही; अडसर आहे तो ओळखीचा.

ती ओळख श्रावणातच करून घ्यावी. नोव्हेंबरच्या मध्यास पहिला वाटा द्यावयाचा तर भाद्रपदात रोपे पडली पाहिजेत, म्हणजे ऑगस्टअखेर चाळीस नावे व पहिला हप्ता वहीत आला पाहिजे. चाळीसाऐवजी बावीसच नावे आली तर बावीस वाट्यांपुरतेच क्षेत्र लावावे व खर्चाचा अंदाज नव्याने मांडून सभासदांपुढे ठेवावा.