अंड्यातील पाहुणा

गांधीलमाशी म्हटली की तिचा डंख आठवतो. परंतु तिच्याच विस्तृत कुळात ट्रायकोग्रामा नावाचा एक गट आहे. त्यातील कीटक तळहातावर येऊन बसला तरी कोणाच्या ध्यानात यावयाचा नाही. त्याची लांबी एक मिलिमीटरहूनही कमी असते. पंखांवर सूक्ष्म केसांच्या रांगा असतात. 'केस' आणि 'रेघ' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्याच्या नावात आहेत. वेस्टवुड या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने हे नाव १८३३ साली दिले.

उसाच्या पानांवर खोडकिड्याची पतंगमादी अंडी घालते. त्यांतून निघालेली अळी कोवळ्या कोंबात शिरली, की पोंगा वाळू लागतो. आत दडलेल्या अळीपर्यंत फवारलेले औषध सहसा पोहोचत नाही. ट्रायकोग्रामा मात्र अळी जन्मण्यापूर्वीच तिला गाठते.

पतंगाचे अंडे सापडताच ट्रायकोग्रामाची मादी स्पर्शिकांनी ते ठोकून पाहते. मग त्यावरून चालत जाऊन त्याचा आकार अजमावते. अंडे लहान असेल तर त्यात एखादेच अंडे घालते, मोठे असेल तर अधिक. आधी दुसऱ्या मादीने वापरलेले अंडे ती बहुधा टाळते. पोटाशी असलेली सुईसारखी नळी कवचात खुपसून ती आपली अंडी आत सोडते. फलित अंड्यांतून बहुधा माद्या निपजतात, अफलित अंड्यांतून नर.

आतील चिमुकली अळी पतंगाच्या अंड्यातील रस पिऊन वाढते. तीन-चार दिवसांत ते अंडे काळे पडते. पुढे आठव्या-दहाव्या दिवशी कवचाला भोक पाडून पंखवाला कीटक बाहेर येतो. शास्त्रात अशा अंड्याला 'यजमान' म्हणतात. यजमानाचाच फडशा पाडणाऱ्या पाहुण्याच्या बाबतीत हा शब्द जरा विचित्रच म्हणावयाचा!

प्रयोगशाळेत हे कीटक वाढविण्यासाठी धान्याला जाळी करणाऱ्या पतंगाची अंडी घेतात. हा पतंग भरडलेल्या ज्वारी-बाजरीवर पोसतात. त्याची अंडी कागदी कार्डावर चिकटवून ट्रायकोग्रामाच्या स्वाधीन करतात. एका कार्डावर सुमारे २०,००० अंडी मावतात. शेतकरी या 'ट्रायकोकार्डा'चे तुकडे उसाच्या पानांच्या खालच्या बाजूस टाचतो आणि त्या दिवसांत विषारी फवारणी करीत नाही. प्रौढ ट्रायकोग्रामा थोडेच दिवस जगते, खोडकिड्याचे पतंग मात्र पुन्हा पुन्हा येतात; म्हणून काही दिवसांनी नवी कार्डे लावावी लागतात.