बीटाला कैरीची रीत नको

थंडीत सटाण्याच्या बाजारात बीट स्वस्त झालं की पिशवी भरून घरी येतं आणि निम्मं फ्रीजमध्ये सुरकुतत पडतं. मग मोबाईलवर एखादी कृती सापडते आणि लोणचं घालायचं ठरतं. जरूर घाला. फक्त कैरीच्या लोणच्याचा सराव बीटावर चालवू नका.

कैरी आणि लिंबू मुळातच आंबट. लिंबाचा पीएच दोन-अडीचच्या आसपास असतो, बीटाचा पाच-साडेपाचच्या वर. हा आकडा जितका कमी, तितका पदार्थ आंबट. 4.6 ही धोक्याची रेघ. तिच्या वर, हवाबंद बरणीत, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जंतू वाढून विष तयार करू शकतो. हा जंतू मातीत राहतो आणि बीट मातीतूनच येतं. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत. त्यासाठी दाबाखाली 121 अंश तापमान लागतं. म्हणून बरण्या पातेल्यात उकळून बीट वर्षभर फडताळात ठेवायचं, हे सपशेल चूक. घरच्या कुकरमध्ये तेवढ्या तापमानाची खात्री नसते, म्हणून त्यात बरण्या घालून शिट्ट्या घेण्याचा प्रयोगही नको. 2015 साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात चर्चच्या सहभोजनात घरी बाटलीबंद केलेल्या बटाट्याचं सॅलड होतं. बटाटे नुसत्या उकळत्या पाण्यात बंद केले होते. 29 जण आजारी पडले, एक दगावला.

आपल्याकडे भरवसा असतो तेलावर. कैरीच्या फोडींवर तेलाचा थर आला की बुरशी येत नाही, हे खरं. पण तिथलं खरं काम आंबटपणाने आणि भरपूर मिठाने आधीच केलेलं असतं. बीटावर तेल ओतलं की फक्त हवा तुटते, आणि या जंतूला तेच हवं असतं. तेलात बुडवून बाहेर ठेवलेल्या लसणालाही हेच लागू.

मग करायचं कसं? बीट ब्रशने घासून धुवा. देठ आणि शेपटी बोटाच्या पेराएवढी ठेवून सालासकट उकडा, म्हणजे रंग पाण्यात जात नाही. साल हाताने निघू लागली की चकत्या करा. व्हिनेगरची बाटली घेताना लेबल वाचा. परदेशी कृतींत 5 टक्के आम्लाचं व्हिनेगर धरलेलं असतं. आपल्या नियमात किमान 3.75 टक्के पुरतं. त्यामुळे त्या कृतीतलं पाणी आपण घालायचं नाही. व्हिनेगर, थोडी साखर, मीठ, दालचिनी-लवंग उकळून चकत्या पूर्ण बुडतील इतकं ओता. बरणी काचेची किंवा चिनी मातीची घ्या. तांब्या-पितळेचं, ॲल्युमिनियमचं भांडं आम्लाला चालत नाही. निवलं की थेट फ्रीजमध्ये, आणि तीन-चार आठवड्यांत संपवा. वीज बराच वेळ गेली तर लोणच्याचा मोह सोडा.

हे बीट खाल्ल्यावर लघवी लालसर झाली, तर घाबरू नका. काहींना तसं होतं. मात्र बीट न खाताही तसं दिसलं तर तपासणी हवीच. ऑक्झलेटचे मुतखडे होणाऱ्यांनी बीट जपूनच खावं. रक्तदाबवाल्यांनी मिठाकडे लक्ष द्यावं. दवाखान्यात हमखास ऐकू येतं, ‘डॉक्टर, आम्ही सैंधवच वापरतो.’ सैंधवातही सोडियमच असतं.

झाकण फुगलं, उघडताना फसफसलं किंवा पाणी गढूळ झालं तर चाखून पाहू नका. वास-चव ठीक असली तरी विष असू शकतं. असं लोणचं गोठ्यात गाई-म्हशींपुढेही टाकू नका, जनावरांनाही या विषाची बाधा होते.

माणसात या विषबाधेची लक्षणं बहुधा 12 ते 36 तासांत दिसतात, कधी काही दिवसांनीही. एकाचे दोन दिसणं, पापण्या जड होणं, बोलणं अडखळणं, घोट गिळता न येणं, मग हातापायांतली ताकद जाणं. ताप बहुधा नसतो, म्हणून लोक अशक्तपणा समजून सलाईनवर वेळ घालवतात. यात श्वासाचे स्नायू निकामी होतात. व्हेंटिलेटर असलेलं मोठं रुग्णालय गाठा, आणि गेल्या आठवड्यात घरच्या बरणीतलं काय खाल्लं ते डॉक्टरांनी विचारायच्या आधी सांगा.