वास्तूची साक्ष : छायाचित्र-स्पर्धेच्या निमित्ताने एक पाठ

आपल्या भागातील जुन्या वास्तू कोणत्या, असा प्रश्न आम्ही वर्गात विचारतो तेव्हा मुले ताजमहालापासून आरंभ करतात आणि जुन्या गोव्याच्या चर्चपर्यंत येऊन थांबतात. डिचोली आणि पेडणे ही नावे क्वचितच कोणी घेते. घरामागच्या टेकडीवर शतकांपूर्वीची भिंत उभी असते, पण ती पाठ्यपुस्तकात नसते. आणि जे पुस्तकात नाही ते पाहण्यासारखे नाही, अशी आपली समजूत होऊन बसते. ही समजूत मोडण्याचे एक साधन म्हणून आम्ही एका छायाचित्र-स्पर्धेकडे पाहतो.

ह्या स्पर्धेचे नाव ‘विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स’. तिचा आरंभ २०१० साली नेदरलँड्समध्ये झाला. पुढच्याच वर्षी ती युरोपातील १८ देशांत पसरली आणि १,६८,२०८ छायाचित्रे जमा झाली. जगातील सर्वांत मोठी छायाचित्र-स्पर्धा म्हणून गिनीजच्या पुस्तकात तिची नोंद झाली. २०१२ साली भारत तीत प्रथम सहभागी झाला आणि त्याच वर्षी दिल्लीच्या सफदरजंग मकबऱ्याच्या छायाचित्रास आंतरराष्ट्रीय पहिले पारितोषिक मिळाले. बहुतेक देशांत ती सप्टेंबर महिन्यात भरते.

वास्तूंची छायाचित्रे काढून ठेवण्याची कल्पना मात्र नवी नव्हे. १८५१ साली फ्रान्सच्या स्मारक-आयोगाने पाच छायाचित्रकारांना आपल्या देशातील जुन्या इमारतींची चित्रे घेण्यास धाडले. आपल्याकडे १८५५ साली मुंबई सरकारने कॅप्टन बिग्ज ह्यांना ह्याच कामावर नेमले व त्यांनी विजापूर, बदामी, ऐहोळे येथील वास्तू टिपल्या. फरक इतकाच की, तेव्हा हे काम सरकार नेमील त्या माणसाचे होते. आज ज्याच्या खिशात फोन आहे त्या प्रत्येकाचे आहे.

काम सोपे झाले, म्हणून ते चांगले होतेच असे नाही. हा धडा आम्हांस डिचोलीच्या नमाजगाहने दिला. एका सप्टेंबरात आम्ही नववीची मुले तेथे घेऊन गेलो. तासाभरात पुष्कळ छायाचित्रे निघाली. शाळेत येऊन पाहतो तो बहुतेकांत मुलेच हसत उभी आणि वास्तू त्यांच्या खांद्यामागे हातभर! ज्या दोनचार चित्रांत वास्तू नीट दिसत होती, त्यांखाली मुलांनी लिहिले होते : ‘पडकी मशीद’. दोष आमचाच होता. आम्ही त्यांना चित्र काढावयास सांगितले होते. काय पाहावयाचे ते सांगितलेच नव्हते.

दुसऱ्या खेपेस आम्ही आधी वर्गात बसलो. नमाजगाह म्हणजे छप्पर पडलेली मशीद नव्हे. पुष्कळ माणसांनी एकत्र नमाज पढावी म्हणून राखलेली ती उघडी जागा. किब्ल्याची दिशा दाखविणारी भिंत हेच तिचे मुख्य अंग. तिला छप्पर कधी नसतेच. औरंगजेबाविरुद्ध बंड करून शहाजादा अकबर १६८१ साली संभाजी महाराजांच्या आश्रयास आला. पुढे त्याचा मुक्काम डिचोलीस होता व ही नमाजगाह त्या काळातली मानली जाते. म्हणजे मोगल शहाजादा आणि मराठा छत्रपती ह्यांच्या मैत्रीचा काळ ह्या भिंतीने पाहिला. ‘पडकी मशीद’ हे दोन शब्द लिहिले की हा सारा इतिहास पुसला जातो. चुकीच्या नावाचे छायाचित्र हे खोट्या साक्षीसारखे असते. आणि एकदा जगापुढे गेलेली खोटी साक्ष परत घेणे फार कठीण.

ह्याच तालुक्यात नार्वे येथे श्रीसप्तकोटेश्वराचे देऊळ आहे. पोर्तुगीजांनी दिवाडी बेटावरील मूळ देऊळ उद्ध्वस्त केल्यावर देव नदीपार आला आणि १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी येथील देवळाचा जीर्णोद्धार केला. अलीकडे पुन्हा दुरुस्ती होऊन २०२३ साली ते लोकांस खुले झाले. त्याआधीचे त्याचे रूप आता केवळ जुन्या छायाचित्रांतच पाहावयास मिळते. हरवळ्याची जांभ्या दगडात कोरलेली लेणीही डिचोलीचीच.

पेडण्यात तेरेखोलचा किल्ला आहे. सावंतवाडीकरांनी तो सतराव्या शतकात बांधला, १७४६ साली पोर्तुगीजांनी जिंकला, आत संत अंतोनीचे चर्च उभे राहिले आणि १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा फडकविला. हळर्णचा किल्लाही १७४६ सालीच पडला व तो घेणाऱ्या व्हाइसरॉयला ‘अलोर्ना’ ही पदवी मिळाली. आपल्या एका खेड्याचे नाव असे पोर्तुगालच्या उमरावाच्या नावास जोडले गेले!

आता स्पर्धेचे नियम थोडक्यात सांगतो. चित्र स्वतः काढलेले असावे व स्पर्धेच्या मुदतीत स्वतःच पाठवावे. ते कधी काढले ह्यास बंधन नाही. तेव्हा नार्व्याच्या देवळाचे दुरुस्तीपूर्वीचे चित्र आपण काढले असेल, तर तेही चालते. वास्तू यादीतील असावी. भारतातील यादीत प्रत्येक स्मारकास ओळखक्रमांक दिलेला असतो. पाठविलेले चित्र ‘विकिमीडिया कॉमन्स’ ह्या सार्वजनिक भांडारात राहते आणि आपले नाव देऊन कोणीही ते वापरू शकतो, व्यापारासाठीसुद्धा. हे दान आहे, व दिलेले दान परत मागता येत नाही. म्हणून ते समजून द्यावे; दुसऱ्याच्या चित्राचे दान तर करूच नये.

मुलांसाठी आम्ही चार गोष्टी ठरविल्या आहेत. पहिले चित्र संपूर्ण वास्तूचे, दुसरे तिच्या परिसराचे, तिसरे कोरीव काम वा शिलालेख असल्यास त्याचे. चौथी गोष्ट चित्राची नव्हे, वहीची : गाव, तालुका, तारीख आणि लोक त्या जागेस काय म्हणतात ते नाव. जे दिसले ते लिहावे. जे ऐकले ते ‘ऐकले’ असे सांगून लिहावे. अक्षरे ठळक दिसावीत म्हणून शिलालेखावर खडू फिरवू नये, पावसाने सुटलेल्या चिऱ्यांवर चढू नये. चित्रासाठी वास्तूस इजा झाली, तर पारितोषिक मिळूनही आपण हरलोच.

दुसऱ्या खेपेस एका मुलीने नमाजगाहचे एकच चित्र काढले. त्यात ती स्वतः नव्हती. खाली तिने वास्तूचे नाव, गाव, तालुका आणि तारीख लिहिली होती. त्या चित्रास पारितोषिक मिळाले नाही, पण आमच्या वर्गाच्या भिंतीवर ते लावलेले आहे.

वाचकहो, ह्या स्मरणिकेतही जुनी छायाचित्रे असतील. त्यांत कोण कोठे उभे आहे, हे सांगणारी वडीलधारी माणसे वर्षागणिक कमी होत जातात. म्हणून आज घरी गेल्यावर एवढे करावे : जुने एक छायाचित्र काढून त्याच्या मागे नावे, गाव आणि साल लिहावे. मग सवडीने आपल्या टेकडीवर जावे. तेथील भिंतही कोणी आपले नाव विचारील म्हणून थांबलेली आहे.