घर कुणाच्या नावावर?

चि. सौ. बाळास,


गुरुवारी वहिनीचा फोन आला होता. बोलणं कुरडयांचं चाललेलं. मध्येच ती सांगून गेली की दादाने तुझ्या नावावर ठेवलेली ठेव मोडली, अठरा लाख दिल्लीतल्या द्वारकेच्या फ्लॅटला लागले आणि फ्लॅट तुझ्या सासऱ्यांच्या नावावर झाला. दागिनेही सासूबाईंच्या लॉकरमध्ये. वहिनीला त्यात काही वावगं वाटलं नाही. आत्याला मात्र रात्रभर झोप नाही. पहाटे उठून तिने हे पत्र लिहायला घेतलं, कारण फोनवर ती रडली असती आणि मुद्दा राहून गेला असता.

मुद्दा एकच. घर कुणाच्या नावावर?

दुसऱ्यांच्या कंपन्यांचे हिशेब तपासणारी, पावतीशिवाय शंभर रुपये मान्य न करणारी मुलगी बापाच्या घामाचे अठरा लाख तोंडी शब्दावर देऊन मोकळी होते, याला काय म्हणावं? दिल्लीत बाईच्या नावाने खरेदी केली तर मुद्रांक शुल्क पुरुषापेक्षा दोन टक्क्यांनी कमी पडतं. म्हणजे तुझं नाव लावणं स्वस्तच पडलं असतं. तरी ते लागलं नाही. का, हे विचारलंस का? वाईट दिसेल म्हणून गप्प बसलीस, हे आत्याला न सांगता कळतं. आपल्या घरातल्या सगळ्या बायका नेमक्या तिथेच गप्प बसल्या.

‘उद्या काही झालंच तर कोर्ट अर्धं देईल,’ असं तू वहिनीला म्हणालीस म्हणे. नाही देणार, बाळ. अर्धी वाटणी गोव्यात. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या रीतीने, वेगळा करार नसेल तर लग्नाबरोबर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते. ती वेगळी ठेवायची तर लग्नाआधी तसा करार करण्याचीही सोय आहे. दिल्लीत हिंदू जोडप्याला यातलं काही नाही. ज्याचं नाव, त्याची मालकी. लग्नाआधीचे करार इथली न्यायालयं सहसा मानत नाहीत. घटस्फोटात बायकोला नवऱ्याच्या स्थावरात वाटा देणारं विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेने मंजूर केलं होतं, पण त्याचा कायदा झालाच नाही.

आणि नाव सासऱ्यांचं असेल तर गाठ आणखी घट्ट. १९८८ च्या बेनामी कायद्यात, २०१६ च्या दुरुस्तीनंतर, स्वतःच्या उघड उत्पन्नातून नवऱ्याच्या, बायकोच्या किंवा मुलांच्या नावाने घेतलेल्या मालमत्तेला सूट आहे. सासऱ्यांना ती नाही. ‘नाव त्यांचं, पैसा माझा, म्हणून घर माझं’ असं म्हणत गेलीस तर तो कायदाच आडवा येईल. राहण्याचा हक्क वेगळा. न्यू फ्रेंड्स कॉलनीतल्या एका घरावरून झालेल्या आहुजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं की सासऱ्यांच्या मालकीचं घरही सुनेचं सामायिक घर ठरू शकतं. त्याने डोक्यावर छप्पर राहतं. दादाचे अठरा लाख त्यात परत येत नाहीत.

हा प्रश्न आजचा नाही. रखमाबाईंची गोष्ट आजी सांगायची, ती तुला पाठ आहे. १८८४ साली त्यांच्या नवऱ्याने, दादाजी भिकाजीने, त्यांनी नांदायला यावं म्हणून दावा लावला. १८८७ मध्ये न्यायालयाने ‘नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग’ असं फर्मावलं. रखमाबाई तुरुंगात जायला तयार झाल्या, पण बधल्या नाहीत, आणि पुढे विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या. यातला पैशाचा भाग आजी गाळायची. रखमाबाईंचे वडील जनार्दन पांडुरंग त्या लहान असतानाच गेले. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह करताना पहिल्या नवऱ्याची इस्टेट लेकीच्या नावावर करून दिली. पुढे दोन्ही बाजूंनी एकमेकांवर जे आरोप झाले, त्यांत ही इस्टेट सारखी येते. १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजी बाजूला झाला. रखमाबाईंच्या हिमतीचं कौतुक सगळेच करतात. आत्याला मात्र जयंतीबाई आठवतात, कारण मुलगी कळती व्हायच्या आत त्या माउलीने कागद करून ठेवला होता.

मागच्या गणपतीत आत्या तुझ्याकडे आली होती तेव्हा शेजारच्या काकूंना सोबत म्हणून सेक्टर १० मधल्या द्वारका न्यायालयात गेली होती, आठवतं? कुटुंब न्यायालयाबाहेरच्या बाकांवर दोन-तीन बायकांच्या मांडीवर लग्नाचे जाड अल्बम होते. आत्याला आधी कळेना. मग काकूंनी सांगितलं, अंगावर कुठले दागिने होते हे दाखवायला फोटोंशिवाय त्यांच्याकडे काही नाही.

दागिने तुझे आहेत, यात शंका नाही. प्रतिभा राणी खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की स्त्रीधन बाईचंच, सासरी ठेवलं तरी ते ठेवायला दिलेलं असतं. त्याच वर्षीच्या नियमांत लग्नातल्या भेटींची सही केलेली यादी ठेवायलाही सांगितलं आहे. आपण ती केली नाही, आणि ती चूक आत्यासकट आम्हा मोठ्यांची. केरळातल्या एका बाईचे ८९ पवन दागिने, म्हणजे सत्तर तोळ्यांवर सोनं, लग्नाच्या रात्रीच नवऱ्याने ‘जपून ठेवायला’ म्हणून आईकडे दिले. लग्न २००३ चं. सर्वोच्च न्यायालयाने तिला पंचवीस लाख दिले ते २०२४ मध्ये. हक्क होता, तरी एकवीस वर्षं गेली.

तुझ्या सासूबाई तशा नाहीत. हे आत्या मनापासून लिहिते. आत्याच्या सासूबाईही तशा नव्हत्या. तुझ्या आजीने आत्याला दिलेल्या चार तोळ्यांच्या पाटल्या दिरांच्या दुकानासाठी गहाण गेल्या, तेव्हा त्यांचेही डोळे भरले होते. दिवाळीपर्यंत सोडवू असं ठरलं. चिठ्ठी कुणी केली नाही, आणि दुसऱ्या दिवाळीनंतर त्या पाटल्यांचं नाव घरात कुणी काढलं नाही. आजीच्या शेवटच्या दुखण्यात तिने आत्याचा हात हातात घेतला, मनगटावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, ‘पाटल्या?’ आत्या म्हणाली, लॉकरमध्ये आहेत. स्वतःच्या आईशी आत्या बोललेली ती शेवटची गोष्ट.

म्हणून आत्या पुन्हा पुन्हा तेच विचारते. घर कुणाच्या नावावर?

आता नाव बदलणं सोपं नसेल, तर निदान एवढं कर. ते अठरा लाख कर्जाऊ दिले, असा कागद सासऱ्यांच्या सहीने करून घे. बँकेचा उतारा त्याला जोड. उसन्या पैशाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, ती संपायच्या आत लेखी कबुली पुन्हा घ्यावी लागते. आपलं लॉकर वेगळं घे. आणि मृत्युपत्र कर. अशुभ म्हणू नकोस. ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण हा २००९ चा निकाल वकिलाकडून समजून घे. नारायणीदेवी लग्नानंतर तीन महिन्यांतच विधवा झाल्या, सासरच्यांनी त्यांना घराबाहेर काढलं, माहेरी राहून त्या शिकल्या, नोकरी केली. १९९६ मध्ये मृत्युपत्र न करता गेल्या, मूलबाळ नव्हतं, आणि त्यांनी स्वतः कमावलेलं सगळं हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे नवऱ्याच्या वारसांकडे, त्याच्या बहिणीच्या मुलांकडे गेलं.

फार बोलली आत्या. तुझा संसार मोडावा असं तिच्या मनातही येत नाही. जावईबापूंनी दादाच्या आजारपणात चार रात्री दवाखान्यात काढल्या, हे ती विसरलेली नाही. हे पत्र त्यांना दाखवायचं असेल तर खुशाल दाखव. ते वाचून रागावतील असं आत्याला वाटत नाही. कदाचित वडिलांशी बोलायला त्यांनाही कुणीतरी सुरुवात करून द्यायला हवी असेल.

तुझ्या लग्नाच्या वेळच्या सराफाच्या सगळ्या पावत्या आत्याच्या कपाटात आहेत. नथीचीसुद्धा. वजनांसकट त्यांच्या झेरॉक्स सोबत जोडल्या आहेत, मूळ कागद तू येशील तेव्हा आत्या हातात देईल. मेथीचे लाडू वेगळ्या डब्यात आहेत, दिल्लीची थंडी तुला सोसत नाही.

पाकीट मिळालं की फोन कर. हिशेबाचं मागाहून बोलू, आधी तुझा आवाज ऐकू दे.

तुझी,
आत्या